थिंफूहून ट्रोंगसाला जाणारी बस

परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज 'भूतान' म्हटलं आणि माझा अख्खा फ्री पिरियड त्यात गेला. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. जे बघायला म्हणून आपण सहलीला जातो, ते फोटोत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. आणि दोन ठिकाणांच्या मधे, बसमध्ये, कुणाचं लक्ष नसताना जे घडतं, ते वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात फिरतं. आमच्या गणिताच्या मॅडम त्या सहलीला आल्याच नव्हत्या, पण आता त्या हे किस्से माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. परवा तर त्यांनी मलाच दुरुस्त केलं.

मी गाझियाबादच्या एका शाळेत भूगोल शिकवते. माहेर चंद्रपूरचं, आडनाव मेश्राम. लग्न होऊन इकडे आले आणि इथलीच झाले. तोवर आमच्या शाळेची सहल म्हणजे पानिपत, काला अंबचं स्मारक आणि परत येताना मुरथलचे पराठे. त्या वर्षी प्रिन्सिपल मॅडमच्या मनात आलं की नववीला परदेशी न्यायचं. परदेश म्हणजे भूतान. माझ्यासोबत दुसरे शिक्षक होते पीटीचे त्यागी सर. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. सर कॉरिडॉरमधून नुसते गेले तरी वर्गातली पोरं पाठ ताठ करून बसत.

आता ती मुलं कॉलेजात आहेत आणि सर रिटायर झाले. सहल पाच दिवसांची होती, पण किस्से सगळे एकाच दिवसाचे. सकाळी थिंफूहून निघून संध्याकाळी ट्रोंगसाला पोचलो, त्या दिवसाचे.

*

आमच्या बसचा ड्रायव्हर होता किन्ले. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, गुडघ्यापर्यंतचा त्यांचा तो चौकड्यांचा पोशाख घातलेला. त्याच्या मागच्याच सीटवर कबीर बसला होता. कबीरला गाड्यांचं वेड. बस सुटून तास होत आला तेव्हा तो पुढे वाकून म्हणाला, "भैया, हॉर्न खराब है क्या?"

"नहीं, उत्तम है."

"तो बजाते क्यों नहीं?"

किन्लेने रस्त्यावरची नजर काढली नाही. "सामने कोई है?"

"नहीं."

"पीछे?"

कबीरने मागे वळून बघितलं. मागे नुसता डोंगर होता. "पीछे भी नहीं."

"तो किसको सुनाऊँ?"

गाझियाबादच्या मुलाला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तो मागे टेकून रस्ता बघायला लागला. मला वाटलं, विसरला असेल. मागच्या महिन्यात इंदिरापुरमच्या भाजीबाजारात त्याची आई भेटली. कबीर आता स्वतः गाडी चालवतो. आई म्हणाली, "मॅम, आप इसको कहाँ घुमा के लाईं? ये हॉर्न ही नहीं बजाता. मोहननगर के चौक पे पीछे वाले उतर के लड़ने आ जाते हैं."

*

किन्लेचं हिंदी हा वेगळाच विषय. लहानपणी तो घरी टीव्हीवर पौराणिक मालिका बघायचा, हिंदी तिथूनच शिकला. त्यामुळे तो राजदरबारात बोलावं तसं बोलायचा. मला 'देवीजी' म्हणायचा, त्यागी सरांना 'आचार्य जी'. बस सुरू करताना म्हणायचा, "बालको, कृपया स्थान ग्रहण करें."

मुलांना पहिला तासभर वाटलं तो चेष्टा करतोय. नंतर कळलं, तो मनापासून बोलतोय.

दोचुला खिंड ओलांडून आम्ही खाली उतरायला लागलो. एका छोट्या हॉटेलापाशी त्याने बस हळू केली आणि मागे बघून मोठ्याने विचारलं, "किसी को लघुशंका?"

कुणी हूं की चूं केलं नाही. मी खिडकीबाहेर डोंगराचा फोटो काढत होते, माझंही लक्ष नव्हतं. त्याने मान डोलावली आणि बस पुढे काढली.

अर्ध्या तासाने वंशिका उभी राहिली. ही आमच्या वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. "भैया, रोको ना, बाथरूम जाना है." तिच्यामागोमाग आणखी सात-आठ हात वर झाले. आता तिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, थांबायला जागा कुठून असणार?

"मैंने पूछा था," किन्ले दुखावल्या आवाजात म्हणाला.

"कब पूछा था?"

"वहाँ. सबसे पूछा था. किसी को कोई शंका नहीं थी."

अर्थ मी समजावून सांगितला तेव्हा बसभर हसू फुटलं, पण वंशिका हसण्याच्या अवस्थेत नव्हती. परत आल्यावर आमच्या हिंदीच्या मॅडम मला म्हणाल्या, नववीचं शब्दभांडार एकदम सुधारलंय, तुम्ही नेमकं काय केलंत?

*

हीच वंशिका जेवणाच्या वेळी. सगळ्यांना सांगून झालं होतं की तिला कितीही तिखट चालतं, गोलगप्पेवाला तिच्यासाठी वेगळं पाणी बनवतो. भूतानमध्ये मिरचीची भाजी करतात. भाजीत मिरची नाही, मिरचीचीच भाजी, वर चीज. किन्लेने तिला सांगितलं, "पुत्री, सावधान." पुत्रीने मोठा चमचा भरून घेतला.

त्यानंतर पेलेला खिंड येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

त्यागी सरांनी हॉटेलवालीला हळूच विचारलं, ही भाजी पार्सल मिळेल का? शाळेसाठी हवी होती.

*

त्यागी सरांचं एक कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी ते दरीच्या बाजूच्या खिडकीशी बसले आणि दोचुलानंतर त्यांनी डोळे मिटले. मुलांना वाटलं, सर झोपले. हळूहळू आवाज वाढला. मागच्या सीटवर अंताक्षरी सुरू झाली, कुणीतरी पॅसेजमध्ये नाचायला उठलं.

"वंशिका, बैठ जा," सर डोळे न उघडता म्हणाले. "कबीर, चिप्स का पैकेट बैग में."

बस चिडीचूप झाली. मिटल्या डोळ्यांनी सरांना दिसतं अशी बातमी शेवटच्या सीटपर्यंत गेली, आणि ती आजही त्या बॅचमध्ये खरी मानली जाते.

मी त्यांच्या पलीकडच्या सीटवर होते. मला त्यांच्या हाताकडे बघून शंका आली. पुढच्या सीटचा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मी वाकून विचारलं, "सर, तबीयत ठीक है ना?"

ते तसेच, डोळे मिटून म्हणाले, "मैडम, नीचे कितना गहरा है?"

मी बघितलं. खाली नदी होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मी म्हटलं, "ज़्यादा नहीं है सर. थोड़ा ही है."

"झूठ मत बोलिए मैडम. आप भूगोल की हैं."

मी उठून त्यांना माझी, डोंगराच्या बाजूची जागा दिली. मुलांना सांगितलं, मला दरीचे फोटो काढायचेत.

*

दुपारनंतर बस चढणीला लागली आणि मोबाइलचं नेटवर्क एकेक दांडीने कमी व्हायला लागलं. तेवढ्यात सईला तिच्या आजीचा फोन आला. सई वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी. आईवडील पुण्याचे, नोएडात आयटीत. ती घरी मराठी बोलायची, पण रोजच्या वापरातलं. चहा, डबा, अभ्यास, झोप. त्यापलीकडे गाडी हिंदीवर जायची. आजीला मात्र हिंदी चालत नसे.

"डोंगर कसे आहेत गं?" आजीने विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"आजी, खूप उंच. आणि खाली ना, एकदम खोल..." सई अडली. तिने माझ्याकडे बघितलं, पण मी तेव्हा कुणाला तरी पाण्याची बाटली देत होते. तिने स्वतःच शब्द शोधला. "खूप मोठा खड्डा आहे. आणि आमची बस ना, त्या खड्ड्यात..."

नेटवर्क गेलं.

तिला म्हणायचं होतं, त्या खड्ड्यात आमची बस दिसतेय, म्हणजे तिची खालच्या वळणावर पडलेली सावली. पण ते आम्हाला माहीत. पुण्यात आजीने फोन हातात धरून किंकाळी फोडली. तिने मुलाला फोन केला, मुलाने सुनेला, सुनेने शाळेला, शाळेने मला. माझा फोन लागत नव्हता. त्यागी सरांचाही नाही. संध्याकाळी गावात पोचल्यावर आमचे फोन जे वाजायला लागले ते थांबेचनात. प्रिन्सिपल मॅडम पहिलं वाक्य काय बोलल्या ते त्यांनाही आठवत नाही, कारण त्या रडत होत्या.

सईने आजीला फोन लावला. आजीने नातीचा आवाज ऐकला. मग म्हणाली, "दरी म्हणावं गं बाळा. दरी. जीव गेला की माझा."

सई आता पुण्यातच शिकते, आजीकडे राहते. आजीने तिला त्या सुट्टीत डोंगराशी संबंध असलेला एकूण एक शब्द शिकवला. खिंड, घाट, कडा, सुळका, घळ, पठार. भूगोलाच्या बारा वर्षांत माझ्याकडून एवढं झालं नाही.

*

पेलेलाच्या पलीकडे चेंदेबजी नावाचा एक स्तूप आहे. रस्त्याच्या खाली, ओढ्याकाठी, पांढरा, चारी बाजूंनी डोळे रंगवलेले. किन्लेने बस थांबवली आणि तो खाली उतरून प्रदक्षिणा घालायला लागला. मीही उतरले. चपला काढायची गरज नव्हती, पण मी काढल्या. चंद्रपूरला विहारात आईबरोबर जायचे, तेव्हाची सवय. हात जोडले, मनातल्या मनात वंदना म्हटली आणि किन्लेच्या मागून चालायला लागले.

एक फेरी झाल्यावर तो थांबला. "देवीजी, आप भी?"

"हाँ. मैं बौद्ध हूँ."

त्याचा चेहरा उजळला. "अच्छा? भारत में भी हैं?"

"शुरुआत वहीं से हुई थी, किन्ले जी."

तो हसला, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि मला पुढे घालून स्वतः मागून चालायला लागला.

मुलं वर रस्त्यावर उभी राहून बघत होती. त्यागी सर खाली आले. आठ-नऊ वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसत होतो, एका डब्यातलं लोणचं खात होतो. ते म्हणाले, "मैडम, आपने कभी बताया नहीं."

मी म्हटलं, "सर, किसी ने पूछा नहीं. सबने यही पूछा कि मेश्राम साउथ में होते हैं क्या."

सरांनी माझ्या काढलेल्या चपलांकडे बघितलं. जरा वेळ मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. मग त्यांनी शिट्टी वाजवली. "सब नीचे. जूते उतारो. एक हाथ की दूरी. कोई बात नहीं करेगा. मैडम के पीछे."

आणि नववीची सगळी मुलं, एका हाताचं अंतर राखून, एका लयीत पावलं टाकत, स्तूपाला तीन फेऱ्या मारून आली. सगळ्यात शेवटी सर, मोजे घालून. किन्ले म्हणाला, अशी शिस्तीची प्रदक्षिणा त्याने जन्मात पाहिली नव्हती.

परत बसमध्ये चढताना वंशिका माझ्या कानाशी आली. "मॅम, आप मन में क्या बोल रही थीं? हमें भी सिखाओगे?" पुढच्या चढणीवर मी तिला शिकवलं. तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ होते.

*

थोडं पुढे दरड कोसळली होती. मोठी नव्हती, पण रस्ता बंद. जेसीबी माती काढत होता. आमच्यापुढे ट्रक, मागे ट्रक, आणि शेजारी एका भूतानी शाळेची बस, त्यांची मुलंही कुठून तरी परत चाललेली. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. आमच्या मुलांना तेच चमत्कारिक वाटत होतं.

डोंगराच्या बाजूला एक सपाट गवताळ पट्टा होता. पायाखाली सपाट जमीन आल्याबरोबर त्यागी सर पुन्हा त्यागी सर झाले. त्यांनी त्या शाळेच्या मास्तरांशी हातवारे करून काहीतरी ठरवलं आणि शिट्टी फुंकली. खो-खो. भूतानच्या मुलांना नियम माहीत नव्हते. सरांनी ते स्वतः पळून दाखवले.

आमची एक मुलगी कमी पडत होती, बस लागून ती आडवी झाली होती. सर म्हणाले, "मैडम, आप खेलेंगी?"

मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी माझ्याकडे बघून कुणी विश्वास ठेवला नसता. मी ओढणी कमरेला बांधली.

पहिली दोन मुलं मी लगेच बाद केली. तिसरी एक चिमुरडी होती, घोट्यापर्यंतच्या त्यांच्या गणवेशात, आणि ती काही केल्या सापडेना. मी टोकाला वळले की ती रांगेतून पलीकडे निसटायची. शेवटी मी अंग झोकून दिलं, जसं पंचवीस वर्षांपूर्वी द्यायचे, आणि गवतावर पालथी पडले. हात तिच्या टाचेला लागला होता.

 मग कबीर म्हणाला, "मॅम ने डाइव मारा." आणि दोन्ही शाळांची मुलं, ट्रकवाले, सगळे टाळ्या वाजवायला लागले. ती चिमुरडी मला हात देऊन उठवत होती.

माझा गुडघा तेव्हापासून थंडीत दुखतो. दुखला की मला बरंच वाटतं.

मधेच रस्ता मोकळा झाला. तिथला पोलीस आम्हाला सांगायला आला. आता बसमध्ये बसा म्हणेल असं वाटलं. तो जरा वेळ बघत उभा राहिला आणि त्यागी सरांना म्हणाला, "पहले गेम पूरा करो. स्कोर क्या है?"

*

ट्रोंगसा गाव येण्याआधी एक जागा लागते. तिथून समोरच्या डोंगरावर किल्ल्यासारखा मोठा मठ दिसतो, पांढरा, पिवळ्या छपरांचा, इतका जवळ की हाक मारली तर ऐकू जावी. मधे खोल दरी, त्यामुळे रस्ता अजून बराच वळसा घालून जातो. सगळ्या बसगाड्या तिथे फोटोला थांबतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्यागी सरांच्या पत्नी त्या जानेवारीत गेल्या. आम्ही सगळे त्यांना भाभीजी म्हणायचो. शाळेच्या प्रत्येक पिकनिकला त्या यायच्या, आणि प्रत्येक फोटोत सरांच्या डाव्या हाताला उभ्या असायच्या, दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून. सहलीला यायला सर तयार नव्हते. मुलीनेच त्यांना ढकलून पाठवलं होतं.

सर कठड्यापासून चार पावलं अलीकडे, दरीकडे पाठ करून उभे राहिले आणि सईला आपला फोन दिला. "बेटा, एक फोटो खींच दे. बिटिया ने मँगाया है."

सईने फोन डोळ्यांसमोर धरला. "सर, बीच में आ जाइए ना. आप बिल्कुल किनारे पे हो."

"ठीक हूँ. ऐसे ही ले."

तिने काढला, बघितला. "सर, इस तरफ़ पूरा खाली आ रहा है."

"आने दे," सर म्हणाले.

सईने आणखी एक काढला आणि फोन परत दिला. मग माझ्याजवळ येऊन मराठीत विचारलं, "मॅम, सर असे का उभे राहिले?"

मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती सरांकडे बघत राहिली.

तेवढ्यात किन्ले म्हणाला, सगळ्यांचा एक काढू. मुलं धावत सरांभोवती गोळा झाली. कबीर नेहमीसारखा सगळ्यांना बाजूला सारत थेट सरांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला. सईने त्याची बाही धरून त्याला ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. त्याने सरांकडे बघितलं आणि तो सरकला. त्याने पलीकडच्या मुलाला सांगितलं, त्याने वंशिकाला. मी सरांच्या उजवीकडे उभी होते. मागून कुजबुज गेल्याचं मला ऐकू आलं, मग तीही थांबली.

किन्लेने फोन वर धरला, खाली केला, पुन्हा वर धरला.

"बालको, थोड़ा समीप आइए. आचार्य जी के पास स्थान रिक्त है."

कुणी हललं नाही.

"बालको," तो पुन्हा म्हणाला, "वहाँ एक जन और आ सकता है."

सर समोर बघत होते. डोळे उघडे होते.

"सब आ गए हैं भाई," ते म्हणाले. "खींचिए."